पौर्णिमेची पोच

मला कुणी विचारलं, "शालनताई, तुमच्या हातून आयुष्यात काय घडलं?" तर मी मान खाली घालीन, आवाज त्याहून खाली नेईन आणि सांगेन, "नऊ नियम घडले!"

तुम्ही म्हणाल, नियम काय, शाळेच्या भिंतीवरही असतात. पण हे तसले नव्हेत. विमा नियामकाची इलेक्ट्रॉनिक फायलिंग यंत्रणा आमच्या रत्नागिरी शाखेत कशी चालवायची, त्याचे हे नियम. साल २००६, माझं हस्ताक्षर, निळी शाई! इतके चोख, की मांडवीच्या लाटेला आमच्या कचेरीत यायचं असतं, तर तिनंही दारात सही केली असती.

त्याआधी नवी पॉलिसी काढायची म्हणजे मसुद्याचे गठ्ठे दोऱ्यांनी बांधून पोस्टानं पाठवायचे आणि उत्तराची वाट बघत म्हातारं व्हायचं. मग ठरलं, यापुढे सगळं कॉम्प्युटरवरून. मसुदा यंत्रणेत चढवा, वरून पोच क्रमांक आला की पॉलिसी विका. पोच नाही तर पॉलिसी नाही! आंब्याच्या बागांचा आणि मच्छिमारी बोटींचा विमा आमच्याच शाखेनं बेतलेला, म्हणून यंत्रणाही आमच्याच गळ्यात आली. मुख्य कार्यालयानं मला दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि 'नियंत्रक' करून परत पाठवलं.

मलाच का? कारण मी खोटं बोलत नाही. यात बढाई नाही, सवय आहे. आम्ही बौद्ध. पंचशील मी शाळेत असल्यापासून रोज सकाळी म्हणते, आणि पावसातल्या वर्षावासाचे तीन महिने रोज अष्टशील पाळते. खोटं न बोलणं तर बाराही महिने. वर्षावासात शिवाय दुपारी बारानंतर जेवायचं नाही, आणि उंच, गुबगुबीत आसनावर बसायचं नाही.

झालं काय, नियंत्रकासाठी कंपनीनं पाठवली नेमकी फिरती, उंच, गुबगुबीत खुर्ची! मी तिला हात जोडले आणि कोपऱ्यात उभं केलं. आंब्याच्या दोन पेट्या उपड्या घातल्या, वर कॉम्प्युटर ठेवला, समोर सतरंजी अंथरली. अशा रीतीनं विम्याच्या नियमनाचं आमच्या जिल्ह्यातलं ठाणं जमिनीपासून दीड वीत उंचीवर सुरू झालं.

नियमांचा गाभा असा, की एकानं मसुदा करायचा, दुसऱ्यानं मंजूर करायचा, तिसऱ्यानं पाठवायचा. तिघांचे तीन पासवर्ड. एक अक्षर बदललं तरी तिघांनी पुन्हा पहिल्यापासून. मसुदा करायची आफरीन, आमची कॉम्प्युटर ऑपरेटर. तिची बोटं पावसाच्या सरीसारखी पडतात. मंजूर करायचे शाखेचे साहेब, फणसोपकर. पाठवायची मी. आणि माझा लाडका नियम नववा : 'मी संपूर्ण मसुदा वाचला आहे' या चौकटीत खूण करण्यापूर्वी, संपूर्ण मसुदा खरोखर वाचावा.

साहेब हसले. "अहो सकपाळबाई, ती चौकट वाचायला नसते, टिचकी मारायला असते!"

"साहेब," मी हळूच म्हटलं, "ते वाक्य 'मी'नं सुरू होतं. आणि तिथला 'मी' मीच आहे."

नारळी पौर्णिमेचा दिवस उजाडला. 'नौका-छत्र' नावाच्या आमच्या नव्या पॉलिसीचा मसुदा पाठवायची शेवटची मुदत त्याच दिवशी, संध्याकाळी पाचला. चुकली तर पुढची संधी थेट जानेवारीत!

नवाच्या ठोक्याला राजिवड्याचे हारुनभाई येऊन बाकावर बसले. छत्रीतून पाण्याची एक नदी निघून साहेबांच्या केबिनकडे चालली होती. हारुनभाईंची होडी बावीस वर्षांची, लाकडी. इतक्या जुन्या होडीला कुठली कंपनी दारात उभी करत नव्हती. नौका-छत्रात मात्र ती बसत होती. आणि ती बसणं फार गरजेचं होतं, कारण आदल्या वर्षी त्यांच्या बायकोच्या भावाची होडी उलटली होती. माणसं वाचली, होडी गेली. तेव्हापासून रहिमाभाभींनी नवऱ्याच्या इंजिनाचं हँडल काढून घरातल्या तांदळाच्या पिंपात पुरून ठेवलं होतं.

"विमा नाय तर हँडल नाय, बोलते," हारुनभाई म्हणाले. "बाय, सगल्यांच्या होड्या आज नारल सोडून सुटनार. माजी एकटी बांधलेली, जशी काय नापास होऊन त्याच वर्गात बसलीय! आनि घरात भात शिजला की लोखंडाचा वास येतो, तां येगलाच."

"आज होईल, भाई," मी म्हटलं.

आफरीननं मसुदा चढवला. साहेबांनी चार सेकंदांत मंजूर केला. माझी पाळी आली. एकशेबेचाळीस पानं, इंग्रजीत!

"ताई," आफरीन म्हणाली, "एक टिचकी मारा आणि सुटा ना!"

"वाचते गं."

"एकशेबेचाळीस?"

"पहिलं झालं. आता एकशेएक्केचाळीसच उरली."

आफरीननं कपाळावर हात मारला. हारुनभाईंनी बाकावर पाय वर घेतले.

साडेअकराला मी वरणभात जेवले, बारानंतर फक्त पाणी. बाहेर पाऊस, समुद्राची गाज, आत यूपीएसचा सूर, पाळणा म्हटल्यासारखा. पेट्यांमधून गेल्या मोसमातल्या हापूसचा वास अजून येत होता. पान पन्नास. पान साठ. ओळी हळूहळू ओल्या व्हायला लागल्या. पान एकसष्ट उलटलं, ते पलीकडे पडलंच नाही. वाऱ्यात फुगून त्याचं शीड झालं! सतरंजीखालची फरशी डुलायला लागली. मी भाट्याच्या खाडीतून बाहेर निघाले होते. मागे किल्ल्यावरचा दिवा उघडझाप करत होता, पुढे पाणी इतकं गुळगुळीत, की त्यावर लिहावंसं वाटावं. एवढ्यात पांढरी चौकट शिंपल्यासारखी तरंगत जवळ आली. मी बोट लावलं. खूण उमटली. मग पाण्यातून चंद्र वर आला. त्याच्यावर नियामकाचा गोल शिक्का होता!

चंद्रानं फार अदबीनं विचारलं, "बाई, सगळं वाचलंत ना?"

"हो," मी म्हटलं. (स्वप्नात शील मोडतं का, हे विहारातल्या भन्तेजींना विचारायचं अजून राहिलंय.)

"पोच क्रमांक एक-चार-दोन, एक-चार-दोन," चंद्र म्हणाला.

मी ताडकन उठले. "पोच आली!"

दुसरं कुणी म्हणालं असतं, तर साहेब उठून पडद्यावर बघून गेले असते. आफरीननं कागद छापला असता. पण म्हणाले मी! साहेब केबिनमधून हात वर करून आले. "सकपाळबाई म्हणाल्या म्हणजे आली! बघायची गरज नाही!" त्यांनी तिथल्या तिथे मुख्य कार्यालयाला फोन लावला, "रत्नागिरीची पोच आली! तीनच्या आत!" पलीकडून अभिनंदन. इकडून आभार. हारुनभाई तर छत्री विसरून पावसातच पळाले. "बाय, तुमच्या तोंडात साखर! हँडल काढतो जाऊन!"

"काय पण ताई तुम्ही!" आफरीननं माझे दोन्ही हात धरले. तिचे हात गार होते. तरी मला जाग आली नाही, इतकी मी चंद्रावर होते!

साहेब म्हणाले, "चल आफरीन, मांडवीला भाजलेली कणसं, माझ्याकडून! सकपाळबाईंना काही विचारू नको, त्यांचं बारानंतर बंद."

दोघं गेली. कचेरी शांत झाली. मी समाधानानं सतरंजीवर बसले आणि तो देखणा क्रमांक पुन्हा एकदा पाहावा म्हणून मान वर केली.

पडद्यावर लिहिलं होतं : 'आपण दहा मिनिटे काहीही केले नाही. कृपया पुन्हा प्रवेश करा.'

प्रवेश केला. पान एकसष्ट. चौकट कोरी. घड्याळात सव्वातीन.

आता तुम्हाला खरं सांगते, मोह झाला. एक टिचकी! एक टिचकी मारली असती, तर पोच खरंच आली असती, माझं बोलणं आपोआप खरं ठरलं असतं आणि जगात कुणालाही कळलं नसतं. माझं बोट कॉम्प्युटरच्या उंदरावर ठेवलेलंही होतं. पण खालचं वाक्य तसंच माझ्याकडे बघत होतं, 'मी संपूर्ण मसुदा वाचला आहे.' एक न-घडलेली गोष्ट सांगून झाली होती. ती झाकायला दुसरी? आणि तिकडे हारुनभाई, माझ्या एका शब्दावर, विम्याशिवाय बावीस वर्षांची होडी पाण्यात लोटणार!

मी वाचायला बसले. इतक्या वेगानं मी मुलांच्या निकालाची यादीही वाचली नव्हती. सत्तर. ऐंशी. अठ्ठ्याऐंशी. आणि मी थांबले.

पान अठ्ठ्याऐंशीवर भरपाई कशाकशाची मिळणार नाही, त्याची यादी होती. एक, पाणी लागून झालेलं नुकसान. दोन, ओलसर जागी राहून झालेलं नुकसान. तीन, वानरांचा उपद्रव.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. अहो, बोट! समुद्रातली! तिला पाणी लागलं तर भरपाई नाही! आणि वानर बसलं तरी नाही! पुढे पान एकशेतीनवर विम्याची मुदत दिली होती : 'नौकेस मोहोर आल्यापासून फळ उतरेपर्यंत.'

बागांच्या विम्याचा, आंबा-छत्राचा, जुना मसुदा उचलून आंब्याच्या जागी नौका घातली होती. अर्धीमुर्धी! चंद्रानं तो पास केला होता. साहेबांनीही, चार सेकंदांत. म्हणजे माझं स्वप्न खरं झालं असतं, तर हारुनभाई आज असा विमा घेऊन समुद्रात गेले असते, ज्यात एक थेंबसुद्धा बसत नव्हता.

शेवटचं पान संपलं तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. पण मसुदा सुधारायचा अधिकार आफरीनचा, मंजुरी साहेबांची, आणि दोघं कणसं खात होती! मी साहेबांच्या मोबाइलवर फोन लावला. तो त्यांच्या टेबलावर, फायलीखाली, गोड आवाजात वाजला.

मी पदर खोचला आणि मांडवीला पळाले.

माझ्या आवाजाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या घरात माझ्यापेक्षा कुकर जास्त बोलतो. भाजीवाला मला "काय?" म्हणून तीनदा विचारतो आणि शेवटी अंदाजानं मेथी देतो. आणि मांडवीला पोचते तो काय, किनारा माणसांनी फुललेला! नारळ सोडायला आलेली मंडळी, छत्र्याच छत्र्या, आणि पार त्या टोकाला प्लास्टिकखाली कणसांची शेगडी. तिच्याशेजारी साहेबांचं टक्कल, पावसात चमकणारं. गर्दीतून वाट काढत जायचं तर पाच वाजले असते.

मी डोळे मिटले. श्वास घेतला. आणि एवढ्या वर्षांत साठवलेला सगळा आवाज एकदम सोडला.

"आफरीऽऽन! साहेऽऽब! पोच आली नाऽऽही! मला झोप लागली होतीऽऽ!"

किनारा थांबला. कणीसवाल्याचा पंखा हवेत राहिला. एका गृहस्थांच्या हातातला नारळ आरती व्हायच्या आतच पाण्यात गेला. साहेबांच्या तोंडात कणीस आडवं होतं, ते तसंच घेऊन ते माझ्याकडे धावत सुटले.

आम्ही रिक्षा पकडली. वाटेत आफरीन पुटपुटली, "साहेबच म्हणाले होते, आंब्याचाच घे आणि नावं बदल." साहेबांनी कणीस खिडकीबाहेर धरून खोकून घेतलं.

चार चाळीस. आफरीननं पाण्याची आणि वानरांची कलमं काढली, मोहोर झाडला, फळ उतरवलं. चार अठ्ठेचाळीस. आता साहेब. साहेब एका बोटानं टाइप करतात. कोंबडी अंगणात दाणा शोधते तसं ते बोट आधी फिरतं, मग थबकतं, मग टिपतं. त्यातून त्या बोटाला कणसाचं मीठ आणि लिंबू! पहिला पासवर्ड चुकला. दुसरा चुकला. तिसऱ्यांदा चुकला तर यंत्रणा चोवीस तास कुलूपबंद होते. तो नियम सहावा. माझाच!

"सकपाळबाई, काहीतरी करा हो!" साहेबांनी बोट शर्टाला पुसलं.

"साहेब, डोळे मिटा."

"आत्ता?"

"मिटा. श्वास येतोय, बघा. जातोय, बघा. कणीस आठवू नका. मुदत आठवू नका."

चार त्रेपन्न वाजता, मुदतीला सात मिनिटं असताना, आमच्या कचेरीत तिघंजणं आंब्याच्या पेट्यांसमोर मांडी घालून श्वास बघत बसली होती. पाऊससुद्धा जरा हळू झाला. मग साहेबांनी डोळे उघडले, आणि पासवर्ड एका झटक्यात, दोन बोटांनी टाइप केला!

बदललेली पानं साहेबांनी वाचली. हो, वाचली! मग मी वाचली. मग खूण केली. ती चौकट शिंपल्यासारखी मुळीच दिसली नाही; साधी, करडी, जराशी मळकी दिसली. पडद्यावरची निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकली, थांबली, पुन्हा सरकली. चार अठ्ठावन्न. क्रमांक उमटला.

"पोच आली," मी म्हणाले.

कुणीही हललं नाही.

"आफरीन," साहेब म्हणाले, "तू बघ."

आफरीननं बघितलं. "आली, साहेब."

"तू जागी आहेस ना?"

आफरीननं उत्तरादाखल साहेबांच्या दंडाला चिमटा काढला. साहेब ओरडले. मग कुठे सगळ्यांचा विश्वास बसला. हारुनभाईंच्या पॉलिसीचा कागद छापून होतोय तोच दार धाडकन उघडलं. रहिमाभाभी! कंबरेपर्यंत भिजलेल्या, हातात इंजिनाचं हँडल, त्याला अजून तांदळाचे दोन दाणे चिकटलेले. मागे मान खाली घातलेले हारुनभाई.

"काय ओ शालनबाय, तुमच्या कचेरीत झोपेत पोच देतात काय?"

माझी हाक मांडवीवरून राजिवड्याला पोचायला दहा मिनिटंही लागली नव्हती म्हणे.

"मी इंजिन चालू केला होता," हारुनभाई खाली बघत म्हणाले. "दोर सोडला. आनि ही पान्यात उतरून दोर धरून उभी! मी बोल्लो, बाय कधी खोटा बोलत नाय. तर ही बोल्ली, जागी असली तर!"

मी कागद पुढे केला आणि मराठीत सांगितलं : पाण्यानं नुकसान झालं तर भरपाई आहे. वादळानं झालं तरी आहे. होडी उलटली तरी आहे.

"आता वानरांचंसुद्धा मिळेल!" साहेब उत्साहात म्हणाले.

रहिमाभाभी त्यांच्याकडे वळल्या. "वानर? होडीत?"

"म्हणजे... बसलं तर," साहेब म्हणाले.

"साहेबांना पन झोप आलीय," भाभी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमी सगला वाचलात? तुमी, सोता?"

"एकशेबेचाळीस पानं. काही तर दोनदा."

"जाग्या होतात?"

"एकसष्टाव्या पानापासून पुढे पूर्ण जागी. त्याआधीची बहुतेक."

भाभींनी हँडल नवऱ्याच्या हातात ठेवलं. तांदळाचे दोन दाणे मात्र काढून पदराला बांधले.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरच्या कागदावर, नऊच्या खाली, त्याच निळ्या शाईत लिहिलं : 'नियम दहावा. नियंत्रकाने पोच जाहीर करण्यापूर्वी जागेवरून उठून तोंड धुवावे.' शिवाय मुख्य कार्यालयाला दहाही नियमांसह तीन पानी कबुली लिहिली. तीनच्या आतली पोच स्वप्नातली कशी, चंद्रावर शिक्का कसा, सगळं. लपवलं काहीच नाही. ती आमच्याच यंत्रणेतून पाठवली, म्हणून वाचल्याची वेळही मला दिसली. समोरून 'संपूर्ण वाचले' अशी खूण आली. बाराव्या सेकंदाला!

सहा महिन्यांनी मुख्य कार्यालयाची छापील पुस्तिका आली : 'इलेक्ट्रॉनिक फायलिंग यंत्रणेचे नियमन, सर्व सात शाखांसाठी.' आत माझेच नियम. नऊ नव्हे, दहा!

तेव्हापासून सातही शाखांत, कुठलीही पोच आली, की नियंत्रक गंभीर चेहऱ्यानं उठतात, नळावर जातात, तोंड धुतात आणि मग जाहीर करतात. दोन शाखांनी तर त्यासाठी वेगळा टॉवेल मंजूर करून घेतलाय. का धुवायचं, ते कुणालाच ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. पण मला अजून कुणी विचारलेलं नाही, आणि विचारल्याशिवाय न सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. निदान जागेपणी तरी मला तसंच वाटतं.